पुसता येणारं दुकान

इचलकरंजीतल्या एका सुताच्या पेढीवर मी अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा डेमो द्यायला गेलो होतो. मालक उत्साहात होते, त्यांचा मुलगा तर त्यांच्या दुप्पट. पण ज्यांना ते सॉफ्टवेअर रोज वापरायचं होतं, ते दिवाणजी खुर्ची हातभर मागे सरकवून बसले होते. उभी हयात त्यांनी कीर्द-खतावणी लिहिण्यात घालवलेली. ते म्हणाले, "तुम्हीच दाखवा. माझ्या हातून काही चुकलं तर निस्तरायचं कुणी?"

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. "दिवाणजी, चुकलं तरच बरं. हवं तर मुद्दाम चुकवा."

बऱ्याच आग्रहानंतर त्यांनी एक बोट पुढे केलं. गल्ल्यात पंधरा हजार रुपये शिल्लक. एका गिऱ्हाइकाकडून वीस हजार रोख आलेत, त्याची नोंद करायची. रिसीटचं बटण एफ-६, पेमेंटचं एफ-५. बोट शेजारच्या बटणावर पडलं आणि आलेले वीस हजार गेलेले म्हणून लिहिले गेले. रोख शिल्लक दिसली उणे पाच हजार. दिवाणजी ताडकन पुढे झुकले. "गल्ला उणे कसा होईल? नसलेला पैसा देणार कुठून?" सॉफ्टवेअर त्यांना नवं होतं, पण चूक त्यांनी क्षणात पकडली.

मी दोनदा क्लिक केलं. अर्ध्या-पाऊण मिनिटात स्क्रीनवर तेच दुकान पुन्हा उभं राहिलं. गल्ला पंधरा हजार, चुकीची नोंद नाही, कोपऱ्यातल्या घड्याळात सकाळचे दहा. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते. दिवाणजींनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग माझ्याकडे. या धंद्यात मला बरीच वर्षं झाली, पण त्या क्षणाचं नवल माझ्यासाठीही अजून ओसरलेलं नाही.

ते दुकान माझ्या लॅपटॉपवर नव्हतं. लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या एका संगणकावर होतं, आणि तो दुसरा संगणक वस्तू म्हणून कुठेच अस्तित्वात नाही. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आमच्या बोलण्यात नुसतं 'व्हीएम'. ज्या खऱ्या यंत्रावर तो चालतो ते होस्ट, म्हणजे यजमान. आत राहणारा तो गेस्ट, म्हणजे पाहुणा. पाहुण्याकडे स्वतःचं विंडोज आहे, चार जीबी मेमरी आहे, पन्नास जीबीची डिस्क आहे, नेटवर्क कार्ड आहे, घड्याळ आहे. यातली डिस्क म्हणजे माझ्या लॅपटॉपवरची एक साधी फाइल. पाहुण्याला वाटतं डिस्क पन्नास जीबीची आहे, पण त्यात जेवढं लिहिलं गेलं असेल साधारण तेवढीच जागा ती फाइल व्यापते. नेटवर्क कार्ड म्हणजे तर निव्वळ एक प्रोग्राम. मी वापरतो त्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये आतलं विंडोज चाचपडत विचारतं, "तू कोण?" आणि तो प्रोग्राम सरळ उत्तर देतो, "मी इंटेलचं प्रो-१००० कार्ड." विंडोज समाधानानं कामाला लागतं.

आता खरा प्रश्न. विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे यंत्राची सर्वेसर्वा. मेमरी कुणाला किती, डिस्कला हात कुणी लावायचा, हे ठरवणारी तीच. मग एका यंत्रावर अशा दोन मालकिणी कशा नांदतात?

पेढीचंच उदाहरण घ्या. एक कारकून आहे, त्याला वाटतं तिजोरी आपल्या ताब्यात आहे. दिवसभराची बेरीज-वजाबाकी, पत्रं, पावत्या तो स्वतः भराभर उरकतो, त्यात कुणी आड येत नाही. फक्त त्याचा हात तिजोरीकडे गेला की कुठेतरी घंटा वाजते. कारकून जागच्या जागी थिजतो. खरा मालक येतो, त्याला काय हवं होतं ते पाहतो, स्वतःच्या कपाटातून तेवढंच काढून त्याच्या हातात ठेवतो आणि निघून जातो. कारकून पुन्हा हलू लागतो. मधे कुणी येऊन गेलं, हे त्याला ठाऊकच नसतं. या मालकाचं नाव हायपरवायझर. हा सगळा खेळ एका सेकंदात हजारो वेळा चालू शकतो आणि तरी दिवाणजींना बटण दाबल्यावर जराही वाट पाहावी लागत नाही, कारण बहुतेक काम कारकून थेट खऱ्या प्रोसेसरवरच करत असतो.

ही युक्ती काल-परवाची नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे आयबीएमच्या संशोधकांनी ती प्रत्यक्षात आणली. त्या काळी एक संगणक एक अख्खी खोली अडवायचा आणि किंमत अशी की माणशी एक घेणं कल्पनेतही नव्हतं. त्यांनी सीपी-४० आणि पुढे सीपी-६७ नावाची व्यवस्था रचली. एका यंत्रावर अनेक जण बसायचे आणि प्रत्येकाला वाटायचं की पूर्ण यंत्र आपल्या एकट्याचं आहे. २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमनं व्हीएम-३७० जाहीर केलं, आणि ही कल्पना अधिकृत उत्पादन म्हणून गिऱ्हाइकांपुढे आली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी तिला गणिती पाया दिला. अशा मालकाकडून त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. आतल्या प्रोग्रामला सगळं खऱ्या यंत्रासारखंच भासलं पाहिजे, वेग फारसा घटता कामा नये आणि यंत्राच्या साधनांवरचा ताबा पूर्णपणे मालकाकडेच राहिला पाहिजे.

आपल्या टेबलांवर जे छोटे संगणक आले, त्यांच्या इंटेल घराण्यातल्या प्रोसेसरांत मात्र एक खोट होती. काही आज्ञा अशा होत्या की कारकुनाचा हात तिजोरीत जायचा पण घंटा वाजायची नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेन्टियममध्ये अशा सतरा आज्ञा मोजल्या गेल्या. फक्त सतरा, पण त्यामुळे सगळा डोलारा अडून बसला होता. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरनं यावर केलेला उपाय आठवला की मी अजूनही थक्क होतो. कारकुनाला जे काम करायचं आहे त्याची यादी मालक आधीच वाचतो, तिच्यातल्या धोक्याच्या ओळी बदलून लिहितो आणि मगच ती त्याच्या हातात देतो. हे सगळं काम चालू असतानाच, ऐन वेळी. १९९९ मध्ये त्यांचं वर्कस्टेशन बाजारात आलं आणि साध्या टेबलावरच्या संगणकात दुसरा संगणक सुरू झाला. पुढे २००५ मध्ये इंटेलनं आणि पाठोपाठ २००६ मध्ये एएमडीनं ती घंटा थेट प्रोसेसरमध्येच बसवली. आज दुकानातून आणलेल्या जवळपास कुठल्याही लॅपटॉपमध्ये ती सोय असते, कधी कधी फक्त बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते.

पण दिवाणजींना चकित केलं ते यानं नाही. त्यांना चकित केलं स्नॅपशॉटनं.

खतावणीचं एक पान डोळ्यांपुढे आणा. त्यावर मी एक बटर पेपर अंथरतो आणि सांगतो, आता जे लिहायचं ते यावरच लिहा. खालचं पान वरून स्वच्छ दिसतं, त्यामुळे वाचणाऱ्याला फरक कळत नाही. एखादा आकडा बदलायचा असेल तर नवा आकडा बटर पेपरवर येतो आणि त्याच्याखालचा जुना झाकला जातो. दिवसभर काहीही खाडाखोड करा. संध्याकाळी मी बटर पेपर उचलून टाकला की खालचं पान होतं तसंच, शाईचा एक ठिपकाही न लागलेलं. स्नॅपशॉट घेतल्या क्षणापासून डिस्कची मूळ फाइल कुलूपबंद होते आणि प्रत्येक बदल शेजारच्या नव्या फाइलमध्ये जातो. मागे जायचं म्हणजे ती शेजारची फाइल फेकून द्यायची. म्हणूनच एवढं मोठं दुकान अर्ध्या-पाऊण मिनिटात सकाळच्या दहावर जाऊ शकतं. कुणी काही पुसत बसत नाही, वरचा थर काढला जातो, एवढंच.

चालू मशीनचा स्नॅपशॉट घेतला तर डिस्कबरोबर मेमरीही जतन होते. व्हाउचर अर्धं भरलेलं असेल, रकमेच्या रकान्यात कर्सर लुकलुकत असेल, तर परत आल्यावर तो तिथेच, त्याच अंकापुढे लुकलुकताना सापडतो. घड्याळही त्या क्षणाचंच. एरवी पाहुण्याचं घड्याळ यजमानाच्या घड्याळाशी आपोआप जुळवलं जातं, पण डेमोच्या मशीनमध्ये मी ती सोय बंद ठेवतो. भर जूनमध्ये कुणी विचारलं की ३१ मार्चची अखेर कशी होते आणि १ एप्रिलला शिल्लक पुढे कशी ओढली जाते, तर मी त्यांना त्या दिवसातच घेऊन जातो. दरमहा विवरण भरणाऱ्यांना जीएसटीसाठी ११ आणि २० या तारखा डोक्यात ठेवाव्या लागतात. त्या तारखा जवळ आल्यावर दुकानात काय काय करायचं, तेही आधीच करून बघता येतं. सॉफ्टवेअरच्या चाचणीची मुदत लांबवण्यासाठी मात्र मी हे घड्याळ कधी मागे फिरवत नाही. शिकण्या-शिकवण्यासाठी टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एज्युकेशनल मोड दिलेला असतो, त्यात महिन्याच्या मोजक्याच तारखांना नोंदी करता येतात. विक्रीच्या डेमोला पूर्ण महिना दाखवायचा तर रीतसर परवाना हवाच.

एक गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी बजावतो. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. खालचं पानच फाटलं तर वरच्या बटर पेपरवर उरतात ते अधांतरी आकडे. आणि थरावर थर साचू दिले तर मशीन जड होत जातं. म्हणून मूळ मशीनची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवायची आणि काम झालं की जुने थर काढून टाकायचे.

एक दुकान उभं करता आलं की चार उभी करता येतात. मशीनची प्रत काढायची, तिला आम्ही क्लोन म्हणतो. सोळा जीबी मेमरीच्या माझ्या लॅपटॉपवर बेतानं वाटणी केली तर तीन लहान मशीन एकदम चालतात. एकात डेटा ठेवतो, दुसरं बिलाचं काउंटर, तिसरं गोडाऊन. तिघांमध्ये एक आतलं नेटवर्क बांधतो, ज्याची बाहेरच्या जगाला गंधवार्ता नसते. काउंटरवर बिल फाडलं की गोडाऊनच्या स्क्रीनवर माल कमी होतो. मग मी काउंटरची केबल काढतो. केबल म्हणजे मेनूतली एक खूण, पण आतलं विंडोज तत्क्षणी कळवतं की नेटवर्क तुटलं. दुकानात खरी केबल उंदरानं कुरतडली तर काय होईल, हे मालक खरेदीच्या आधीच पाहून घेतात. तीन टेबलांची पेढी अशी माझ्या पाठीवरच्या बॅगेत मावते.

डेमोच्या दुकानात मी महाराष्ट्रातलं एक गिऱ्हाईक ठेवतो आणि गोव्यातलं एक. दहा हजारांचा, १८ टक्के दराचा तोच माल दोघांना विकायचा. कोल्हापूरच्या बिलावर केंद्राचे ९०० आणि राज्याचे ९०० असे दोन कर उमटतात. पणजीच्या बिलावर आयजीएसटीचे एकरकमी १,८००. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, सॉफ्टवेअरला वाट दाखवतात. आता गिऱ्हाइकाचं राज्य मुद्दाम चुकवून बघा, म्हणतो मी. कर चुकीच्या खात्यात गेलेला लोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात आणि मग सहसा तो धडा विसरत नाहीत. नंतर मी बटर पेपर उचलतो.

ही सगळी दुकानं काल्पनिक नावांनी भरलेली असतात, आणि त्यामागे एक आठवण आहे. सुरुवातीच्या काळात मी डेमो थेट माझ्या लॅपटॉपवरच द्यायचो. एके दिवशी कंपन्यांच्या यादीत दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं नाव दिसलं आणि समोरच्या माणसानं ते मोठ्यानं वाचलं. फक्त नावच, पण मला शरमेनं पुढे बोलवेना. आज त्यांचं नाव यांनी वाचलं, उद्या यांचं कुणी वाचलं तर? हिशेब हा माणसाच्या घरातला विषय आहे. त्या दिवसापासून डेमो वेगळ्या मशीनवर आणि गिऱ्हाइकाचा डेटा वेगळ्या.

सपोर्टच्या कामात या भिंतीची किंमत आणखी कळते. फोन येतो, "जुना डेटा नव्या व्हर्जनमध्ये उघडत नाही." त्या पेढीवर अजून विंडोज एक्सपी चालू असतं, ज्याचा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. तसं यंत्र आज मिळायचं कुठे? माझ्याकडे ते आहे, एका फाइलमध्ये. नेटवर्क तोडून मी ते चालू करतो आणि विस्मरणात गेलेली ती हिरवी टेकडी, तो निळा टास्कबार जसाच्या तसा समोर येतो. नव्या मशीनवर भलत्याच अक्षरांत दिसणारी, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली खातेदारांची नावं इथे पुन्हा वाचता येतात. मग डेटाची प्रत घ्यायची, स्नॅपशॉट घ्यायचा आणि रूपांतर करून बघायचं. बिघडलं की मागे. दुसरी वाट, पुन्हा मागे. मूळ डेटाला हातही लागलेला नसतो. तेरीज जुळली, ताळेबंदाच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या, मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक पैशापैशानं बरोबर निघाली, तेव्हाच मी गिऱ्हाइकाच्या खऱ्या मशीनला हात लावतो. काम संपलं की माझ्याकडची प्रत पुसून टाकतो.

इतकी वर्षं हे करताना मला सर्वांत सुंदर वाटत आलं आहे ते या दोन गोष्टींचं एकत्र नांदणं. हिशेबाची वही ही मुळात न विसरणारी वस्तू. तिच्यात खाडाखोड चालत नाही, पान फाडणं तर पापच. चुकलं तर चूक तशीच ठेवून खाली उलट नोंद करायची, म्हणजे वर्षांनंतर वाचणाऱ्यालाही कळेल की इथे चूक झाली होती आणि ती अशी दुरुस्त केली. आता कायदाही तेच म्हणतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. आणि ही न विसरणारी वही शिकवण्यासाठी मी जे यंत्र वापरतो, त्याचा मोठा गुण म्हणजे सगळं विसरता येणं. चुकायला जागा मिळाली की भीती जाते. भीती गेली की हात चालू लागतो. आणि ज्याचा हात मनसोक्त चुकून झाला आहे, तो खऱ्या वहीत जपून लिहितो.

त्या दिवशी इचलकरंजीत दिवाणजी आणखी दोनदा चुकले. एकदा रकमेत एक शून्य जास्त पडलं, एकदा खातं भलतंच निवडलं. दोन्ही वेळा मी त्यांना सकाळच्या दहावर नेऊन सोडलं. तिसऱ्या वेळी त्यांनी हात थांबवला आणि गंभीरपणे विचारलं, "खऱ्या पेढीवरसुद्धा हे असंच मागे नेता येतं का?"

मला त्यांचा प्रश्न कळला. मी त्यांना बदलांची नोंद उघडून दाखवली. कुणी बदललं, किती वाजता, आधी आकडा काय होता, नंतर काय झाला, ओळीनं सगळं. "तिथे हे कायम राहील, दिवाणजी. मागे नेण्याची मुभा फक्त या शिकायच्या दुकानात."

"मग हरकत नाही," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून टेबलाला भिडवली. एफ-६. खातं निवडलं. वीस हजार. आकडा दोनदा वाचला, ओठांतल्या ओठांत जमा-नावे म्हणून पाहिलं आणि एन्टर दाबलं. गल्ला पस्तीस हजार. सवयीनं माझा हात दुकान मागे न्यायला माउसकडे गेला, तेवढ्यात त्यांनी तो हलकेच बाजूला केला.

"राहू द्या," दिवाणजी म्हणाले, "ही नोंद बरोबर आहे."